तीननळीची काडतुसं

ऐंशीव्या वाढदिवसाला केक कापायच्या आधीच बाबांनी जाहीर केलं, "माझ्या बापाच्या तीननळी बंदुकीला जो बोलतं करेल, त्याची ती." वरच्या दोन नळ्या छर्‍याच्या, खालची गोळीची. ती खालची नळी युद्धापासून मुकी होती, कारण तिचं काडतूस आता कुणी बनवत नाही. फेर्लाख या बंदुका घडवणाऱ्या गावात, बंदूकवाल्याच्याच घरात मी जन्मले, लग्न केलं नाही, उभा जन्म बाबांच्याच कामाच्या बाकावर बंदुका घडवण्यात काढला. धाकटा भाऊ रुपर्ट गावात खाणावळ चालवतो. मला वाटलं, बाबा हे माझ्यासाठीच म्हणाले. आशेला अक्कल नसते.

थोड्याच दिवसांत रुपर्ट कुठूनसा जुन्या काडतुसांचा डबा मिळवून घेऊन आला. "बाबा सांगतात त्याच नावाचं काडतूस. बघ, नळीत झोकात बसतंय!"

"गळ्यात बसतो म्हणून फास घालून घेशील?"

"ताई, बाबा आयुष्यभर हेच नाव सांगतायत."

आमच्या खोऱ्याची ही जुनी खोड. काडतूस कुठलं ते बापाला विचारायचं, नळीला नाही. मी नळीला विचारलं. गंधक वितळवून मागून ओतलं, गार झाल्यावर पिवळा ठसा ठोकून काढला, मऊ शिशाचा गोळा नळीतून पार केला आणि मोजलं. बाबा सांगायचे त्या काडतुसाच्या गोळीपेक्षा नळी अरुंद निघाली. रुपर्टने चाप ओढला असता तर नळी फाटून त्याचं तोंड गेलं असतं.

बाबा भडकले. "माझ्या बापाने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय मला! तू त्याच्याहून शहाणी?"

"मी नाही बाबा, गंधक शहाणं."

ते हसले नाहीत. डबा मात्र गुपचूप कपाटात टाकला.

सगळा हिवाळा मी त्या नळीला दिला. दुसऱ्याच जातीच्या काडतुसांची लांब रिकामी पितळं कापली, तापवून मऊ केली, साच्यात दाबून त्यांचा गळा आवळला. कितीतरी चिरली. गोळ्या घरीच ओतल्या. दारू चिमूटचिमूट वाढवत नेली, बंदूक जुन्या टायरांना बांधली आणि भिंतीआडून दोरीने चाप ओढला. शेवटी मनासारखी तीन काडतुसं झाली. ती हातात घेतली तेव्हा मी एकटीच वेड्यासारखी हसले.

शिकारीचा मोसम आला, गावातल्या शिकाऱ्यांसोबत आम्हीही निघालो. बाबांनी पहिल्याच काडतुसात नर हरीण पाडलं. ते झुडपात जाऊन पडलं, रुपर्टच्या कुत्रीने शोधलं. हरणाच्या तोंडात हिरव्या डहाळीचा शेवटचा घास ठेवला गेला. मग शिकाऱ्याचा मान म्हणून बाबांना टोपीवर लावायला दुसरी डहाळी मिळाली. रिवाजाप्रमाणे त्यांनी त्यातला तुकडा मोडून कुत्रीच्या मालकाला, म्हणजे रुपर्टला दिला. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

मग त्यांनी खांद्यावरची तीननळी उतरवली आणि तीही रुपर्टच्या गळ्यात अडकवली. बाकीच्या शिकाऱ्यांनी टोप्या काढल्या.

"बाबा, बोलती मी केली ना?"

"केलीस की. काम तुझं चोखच असतं, बुर्गी. पण तुझ्या मागे कोण आहे? त्याला मुलगे आहेत. तुला माझा बाक आहे."

रुपर्टने हात पुढे केला. "ताई, उरलेली दोन दे ना. आणि हिवाळ्यात वीसेक करून ठेव. खाणावळीतल्या पाहुण्यांना बार काढून दाखवीन."

मी खिशातून पक्कड काढली. दोन्ही गोळ्या पिळून उपटल्या, दारू ओल्या शेवाळात ओतली आणि रिकामी पितळं त्याच्या तळहातावर ठेवली. "घे. शिट्टी वाजव."

बाबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "पाहिलंत? म्हणूनच नाही दिली हिला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याविरुद्ध बोलायला बाबांकडे आजवर एकही कारण नव्हतं. ते मी त्यांना आयतं हातात दिलं.