अति धोक्याचा बांध

मी एक जुना मातीचा बांध आहे. आणि मित्रांनो, जुना म्हटल्याबरोबर तुमचे चेहरे कळवळ्यानं वाकडे झाले असतील, तर ते आधी सरळ करा. मी गळत नाही, खचलेलो नाही आणि कुणाच्या दयेवर उभा नाही.

लोहारा तालुक्यातल्या एका ओढ्यावर माणिकप्पांनी मला स्वतःच्या रानात, स्वतःच्या हिमतीवर बांधलं. पोटात काळी चिकण माती, वरून मुरूम, पाण्याच्या अंगाला दगड. प्रत्येक थर बैलांनी तुडवलेला. जादा पाणी निघून जावं म्हणून एका टोकाला सांडवा ठेवला. माकणीच्या धरणापुढे मी किस झाड की पत्ती, हे मला ठाऊक आहे. पण माकणीचं पाणी आमच्या चढावर कधी आलं नाही. इथल्या विहिरी मी भरल्या. त्या ओलाव्याच्या आशेनंच सिताबाईनं आणि आणखी काही जणांनी माझ्या खाली, ओढ्याच्या काठाला घरं बांधली.

यंदा शिवप्रिया नावाच्या इंजिनिअर बाई तपासणीला आल्या. मला खालून वरून निरखलं आणि माझ्या दगडावर लाल रंगात लिहिलं, ‘अति धोका’. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणिकप्पांचा मुलगा रेवणप्पा, म्हणजे माझा आजचा मालक, तो तर भांडायलाच उठला.

“थेंबभर गळत न्हाय, अन् धोका कशाचा?”

“काका, बांध चांगला आहे,” बाई म्हणाल्या. “हा वर्ग त्याच्या ताकदीचा नाही. उद्या फुटलाच तर खाली किती माणसं सापडतील, त्यावरून तो ठरतो. सांडवा तेवढा मोकळा ठेवा.”

माझा राग तिथंच निवळला. रेवणप्पाचा मात्र वाढला. माझी ताकद दाखवायचीच म्हणून त्यानं आमच्याकडे पुष्कळ जण करतात तेच केलं. मातीची पोती रचून सांडवा बुजवला. उसालाही हातभर पाणी जास्त मिळणार होतं.

मग परतीचा पाऊस आला आणि हटेचना. पाणी चढत चढत माझ्या माथ्याजवळ आलं. मित्रांनो, मातीचा बांध पोटाशी कितीही पाणी पेलतो, पण ते डोक्यावरून वाहू लागलं की माती कापत नेतं. रेवणप्पा घोंगडी पांघरून माझ्यावर उभा होता आणि भरलेलं पाणी कौतुकानं बघत होता. मला भयंकर संताप आला. याच्या फुशारकीपायी मी लोकांच्या घरांवर का कोसळावं?

तेवढ्यात पदर खोचून सिताबाई वर आली.

“रेवणप्पा, पोती काढा.”

“माझ्या बांधावर भरवसा न्हाय व्हय?”

“बांधावर हाय. तुमच्यावर न्हाय.”

ती थेट सांडव्यात उतरली आणि पहिलं पोतं ओढू लागली. ते हलेना. खाली तिची सून लेकरं घेऊन चढाकडे निघाली होती, ती रेवणप्पाला दिसली. मग त्यानं घोंगडी टाकली आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं. एकेक पोतं निघालं तसं पाणी सांडव्यातून धडधडत सुटलं आणि माझ्या माथ्यापासून खाली सरकलं. जाताना त्यानं सिताबाईचे वांग्याचे वाफे धुऊन नेले. घरं राहिली. त्या दिवसापासून रेवणप्पानं सांडव्यात पाचोळासुद्धा साचू दिलेला नाही.

आता कुणी मला धोकादायक म्हटलं तर मी मान खाली घालत नाही. मी धोकादायक आहेच. एवढं पाणी अडवून उभा आहे, तर असणारच. माझी कीव करू नका, माझी झाडझूड करा. आणि तुमच्यापैकी कुणाला उद्या सांडव्यात पोतं टाकावंसं वाटलं, तर आधी खाली उतरा. सिताबाईच्या ओसरीवर बसा, तिच्या हातचा चहा प्या, तिची नातवंडं मांडीवर घ्या. मग वर या, आणि पोतं उचलवतं का बघा.