ऐताळांची ओळ

ऐताळांनी टेबलावरच्या यंत्राची मेमरी आणखी कमी केली आणि हात मागे घेतला. हिरवी रेघ थोडा वेळ धावली, अडखळली, आणि पडदा काळा झाला.

नवजात बाळांच्या काचपेटीवर लावायचं, ठोके मोजणारं ते यंत्र. कोप्पळकडच्या एका रुग्णालयात ते असंच मध्येच बंद पडत होतं. तिथल्या नर्सबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "परत सुरू होईस्तोवर मी बाळाच्या छातीवर हात ठेवून उभी होते, सर."

आज निदान ते डोळ्यांदेखत पडलं. बंगळुरात या कामात सुधींद्र ऐताळांचं नाव होतं. यंत्राच्या तळाशी राहून सगळ्या प्रोग्रामांना मेमरी वाटणारा मूळ प्रोग्राम म्हणजे कर्नल; तो त्यांच्या हाताखालून गेलेला. कोसळताना कर्नलने मागे ठेवलेल्या नोंदी ते वाचू लागले. कोडच्या कुठल्या तुकड्यात, कुठल्या फंक्शनमध्ये कोसळला, त्याचं नाव वरच होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

फंक्शन त्यांचंच होतं. त्यात मेमरी मागितली होती, आणि ती मिळाली की नाही हे न बघताच पुढच्या ओळीत तिच्यावर लिहायला घेतलं होतं. एरवी मिळायचीच. तुटवड्यात कर्नलने हात वर केले, आणि ऐताळांची ओळ नसलेल्या जागेवर लिहायला गेली.

मागच्या बैठकीत देचम्मा हेच तर विचारत होती. कोडगूची, म्हणजे कूर्गकडची ही मुलगी. पडद्यावर आलेख काढणारा प्रोग्राम तिचा.

"सर, माझा प्रोग्राम मेमरी जास्त घेतो, कबूल. पण मग त्याला एकट्याला मारा ना. सगळं यंत्र का मरतं?"

"अगं, तुझा प्रोग्राम म्हणजे लग्नातला फुकटा पाहुणा," ऐताळ म्हणाले होते. "पानावरून उठतच नाही. यजमान आडवा होणारच."

खोलीभर हशा पिकला. देचम्माही हसली. दुसऱ्याच दिवशी मॅनेजर रेबेलोंनी तिचं काम काढून घेतलं आणि तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं.

ऐताळांनी तिथे एक अट घातली: नाही मिळाली, तर परत फिर. यंत्र पुन्हा चालवलं. तुटवडा झाला, आलेख थांबला, जरा वेळाने पुन्हा उमटला. ठोके मोजणारा भाग मात्र मध्ये एकदाही चुकला नाही. बरं वाटायला हवं होतं. त्यांची कानशिलं तापली.

ते तिच्या टेबलापाशी गेले.

"देचम्मा, चूक माझ्या ओळीत होती."

"माहीत आहे, सर."

"माहीत? मग बोलली का नाहीस?"

तिने हातातली वायर गुंडाळून बाजूला ठेवली.

"आले होते ना तुमच्याकडे. दारातच तुम्ही म्हणालात, 'काय गं, झालं का पोटभर?' बाहेर सगळे खिदळले. रेबेलोसरांकडे गेले, तर म्हणाले, ऐताळसरांच्या कामात खोट काढायला तू कोण? अय्यो सर, कुठली दारं ठोठावू?"

त्यांना ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं.

संध्याकाळच्या बैठकीत ऐताळ उभे राहिले.

"कोप्पळचं यंत्र माझ्या चुकीने पडत होतं. मेमरी मिळाली का, ते मी बघितलंच नव्हतं. देचम्माचं बरोबर होतं."

रेबेलोंनी टाळी वाजवली.

"बघा, बघा! एवढा मोठा माणूस, पण चूक स्वतःच्या तोंडाने सांगतो. शिका जरा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्याने ऐताळांची पाठ थोपटली. मागच्या रांगेत देचम्माही टाळ्या वाजवत होती, इतरांच्या बेताने. इतर थांबले, तशी तीही थांबली.

"चला, पुढचा विषय," रेबेलो म्हणाले. "बसा ना, ऐताळसर."

ऐताळांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"नाही," ते म्हणाले. "माझं अजून संपलेलं नाही."