कणगीत डोकं

लडकूमामाला भर दुपारी अंगणात आडवं करून त्याचं डोकं कणगीत घातलं, तेव्हा म्हसा गावातल्या अर्ध्या आळीला वाटलं की मामाला काहीतरी बाधा झालीय आणि शहापूरची भाची उतारा करतेय.

भाची म्हणजे सारिका. मुंबईच्या एका संस्थेत ती मेंदूचा अभ्यास करायची. माणूस बेत आखतो, निर्णय घेतो, तेव्हा डोक्यातला कुठला भाग कामाला लागतो, ते एमआरआय यंत्रातून बघायचं. आजवर कॉलेजची मुलं त्या यंत्रात झोपून खोट्या पैशांच्या खोट्या सौद्यांची बटणं दाबत आली होती. एक दिवस सारिका सरांना म्हणाली, "सर, माझा मामा बैलबाजारात दलाल आहे. बैल समोर आला की दोन श्वासांत ठरवतो, घ्यायचा की सोडायचा. त्याचं डोकं बघूया का?" सर हसले नाहीत. उलट खुर्चीतून उठलेच! रविवारी सकाळी यंत्र तिचं. पण तिने शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नक्की कळवायचं होतं, नाहीतर ती वेळ दुसऱ्याला.

आज शुक्रवारच होता.

आणि एकच अडचण होती. यंत्रात डोकं तांदळाच्या दाण्याएवढं हललं तरी चित्रं फिसकटतात. म्हणून ही तालीम. बूड गेलेली जुनी धान्याची कणगी हे यंत्र. मामाच्या कपाळावर सुपारी, डोकं हललं तर कळायला. यंत्राच्या धडधडाटाऐवजी चंद्रकलामामीची परात. सारिका कणगीच्या दुसऱ्या तोंडातून बैलांचे फोटो दाखवी आणि भाव सांगे. घेतला तर मामाने हातातल्या बॅटरीचं बटण एकदा दाबायचं, सोडला तर दोनदा.

"हा खिल्लारी. चौदा हजार."

सुपारी पडली.

"मामा!"

"अगो, चौदा? ह्याचे मागचे पाय बघ. चौदा हजार दिले तर गाडी मलाच ओढाय लागंल."

"नाही पटलं तर बटण दाब ना. मान कशाला उडवतोस? हा डांगी. नऊ हजार."

सुपारी पुन्हा पडली. या वेळी बैल आवडला होता.

आवडला तरी पडे, नाही आवडला तरी पडे. सारिकाने मोबाइल काढला, सरांचा नंबर बघितला, परत ठेवला. इतक्या जवळ येऊन नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं.

मामीने परात खाली आपटली. "बाजारात बरं तुमचं तोंड दगडाचं असतं! सौदा बसला का मोडला, शेजारच्या माणसाला कळत नाय. घरातच कशी ओ मान सुटते?"

"बाजारात बोटं बोलतात," कणगीतून आवाज आला. "टॉवेलखाली, एकमेकांना दाबून. वर तोंड हललं का भाव फुटला."

सारिका उठून दांडीवरचा टॉवेल ओढायला धावली. "मामी, इथे बस. त्याचा हात धर. मामा, बटण राहू दे. मामीचं बोट दाब."

मामी लाजली. एवढ्या वर्षांच्या संसारात चारचौघांत नवऱ्याचा हात धरायची वेळ आली नव्हती, आणि आली ती अशी, नवऱ्याचं डोकं कणगीत असताना. कुंपणावरून बघणाऱ्या शेजारच्या भागीने आपणहून परात उचलली. "धर ना गो, कोणी बघत नाय," असं म्हणून ती सगळ्या आळीदेखत बडवायला लागली.

टॉवेल हातांवर पडला आणि मामाचा चेहरा दुकानाच्या फळ्या लावाव्यात तसा बंद झाला.

"खिल्लारी, चौदा."

"सोडला," मामी ओरडली. सुपारी जागेवर.

"डांगी, नऊ."

"घेतला!"

सारिका परातीच्या वर आवाज चढवत पुढे सरकली. तिने शेवटचा फोटो धरला. "हा आपल्या गोठ्यातला सरज्या. दोन हजारांत विकायचा?"

"नाय, नाय! अगो, बोट मोडलं माझं!"

सुपारी हलली नव्हती.

"सर," सारिका फोनवर जवळजवळ ओरडलीच, "आम्ही येतोय!"

रविवारी बटण टॉवेलखाली होतं. मामाने चांदीचं कडं काढून सारिकाकडे दिलं आणि तो यंत्रात गेला. काचेपलीकडे ती पडद्यावरच्या रेघेकडे बघत उभी राहिली. डोकं हललं की रेघ उडी मारणार होती. एकामागून एक बैल आले. रेघ शांत वाफ्यातल्या पाण्यासारखी सपाट. मेंदूची चित्रं दाण्यादाण्याने भरत गेली, स्वच्छ. सर आपल्याच टेबलावर थापा मारत होते.

"मामा, झालं! सगळं नीट आलं!" सारिका माइकवर म्हणाली.

उत्तर नाही.

"मामा?"

ती धावतच आत गेली, खाट बाहेर ओढली. मामा डोळे उघडे ठेवून पडला होता, ओठ मिटलेले. हात अजून टॉवेलखालीच. तिने टॉवेल काढला.

मामा ताडकन उठून बसला.

"कानावर काळा डाग असलेला तो बैल कोणाचा गो?"

"टोकावडे गावातल्या एकाचा. का?"

"मंग तो घ्यायचा सोडून आपण इथं काय करतोय? चल!"

आणि यंत्रासाठी दिलेला मागून उघडा झगा घालूनच मामा दाराकडे निघाला.