लॉस्ट म्हणजे

"भाऊजी, हे हरवलेत. लवकर या," एवढंच बोलून वहिनीने फोन ठेवला.

धाकटा दीर इंग्रजी शब्दांचा कोश करायचा. घरात सगळे त्याला पंडित म्हणत. पंडित हातातलं काम टाकून हॉस्पिटलात धावला. मोठ्या भावाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि गुंगीत तो एकदा वॉर्डाबाहेर भटकलाही होता. वहिनी जरा घरी गेली होती, तेवढ्यात तिला नर्सचा फोन आला होता. आता ती तळमजल्यावर, एक्स-रेच्या रांगेत एकेकाचं तोंड निरखत होती. हातात नवऱ्याचा स्वेटर.

"नर्स नेमकं काय म्हणाली?"

"इंग्रजीतच बोलली. सॉरी, वुई लॉस्ट हिम. लॉस्ट म्हणजे हरवलं ना? एवढं कळतं मला. जिने बघितले, कँटीन बघितलं."

पंडिताला लगेच उमगलं. दादा गेला, दोनच शब्द बोलायचे होते. ते काही केल्या ओठांवर येईनात. जिभेला जे वळण होतं तेच बाहेर पडलं.

"वहिनी, इथे लॉस्टचा अर्थ तसा नाही. या क्रियापदाचा मूळ अर्थच मुळी नाश पावणं. हरवणं, गमावणं, सामना हरणं, हे सगळं मागाहून आलं. फार जुना शब्द आहे हा..."

रांगेतली माणसं कान देऊन ऐकू लागली, तसा त्याचा आवाज भाषणाला उभं राहिल्यासारखा चढला. त्याचा त्यालाच तो ऐकू येत होता, तरी थांबता येईना. वहिनी शाळकरी मुलीसारखी मान हलवत होती.

"बरं," ती म्हणाली. "मग आता यांना शोधायचं कुठे?"

रांगेतली एक म्हातारी बाई पुढे आली. तिने वहिनीला बाकावर बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "बाळ, ते गेले गं."

सख्खा भाऊ असून पंडित बाजूला नुसता उभा होता. त्याला कुणाच्या नजरेला नजर देता येईना.

पुढे नातेवाईक भेटायला आले, तेव्हा वहिनी सांगत होती, "भाऊजी होते म्हणून निभावलं. मला फोनवरचं कळलंच नव्हतं. त्यांनी किती शांतपणे समजावलं."

सगळ्यांनी कौतुकाने पंडिताकडे पाहिलं. तिला खरंच तसं आठवतंय, की ती त्याची अब्रू झाकतेय, हे त्याला उमगेना. विचारायचा धीर झाला नाही. खाली मान घालून तो चहाचे रिकामे कप गोळा करू लागला.