हौशी पाय

“हात दाखव,” कुवाबारा मास्तर म्हणाले.

माझ्या नवऱ्याने, इसोकिचीने, हात पुढे केले. छातीवर अजून शर्यतीचा नंबर होता. साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत तो पहिला आला होता. दुसरा आलेला कॉलेजातला शिनोहारा पोचेपर्यंत याने पाणी पिऊन चूळही भरली होती.

मास्तरांनी छडीच्या टोकाने त्याचा तळवा उलटासुलटा केला. बैल घेताना लोक त्याचे दात बघतात, पण बैलाला निदान हात तरी लावतात.

“घट्टे आहेत,” ते बाकीच्या पंचांना म्हणाले. “रिक्षाचे दांडे धरून ओढताना पडलेले. हा रिक्षावालाच आहे.”

“आहेच मुळी!” मी गर्दीतून ओरडले. “चोर तर नाही ना?”

“अरे, त्या बाईला मागे घ्या कोणीतरी.”

नियम असा, की शर्यत हौशी लोकांची. पायांवर पोट भरणाऱ्याने, म्हणजे रिक्षावाल्याने, दूधवाल्याने, टपालवाल्याने तिच्यात उतरायचं नाही. का, तर त्यांचे पाय पैशाने विटाळलेले. बापाच्या पैशावर पोसलेले पाय तेवढे सोवळे! इसोकिचीने नाव देताना धंदा शेती सांगितला होता. भावाचं भातखाचर होतं, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं. त्याला बक्षिसाचं निशाण नको होतं की जिंकणाऱ्याची मेजवानी. पहिल्या आलेल्याचं नाव किल्ल्याच्या दारात कर्ण्यातून पुकारणार होते, पुढे मानाने ‘सान’ लावून. जन्मभर लोक त्याला ‘ए, गाडी!’ म्हणत आले. आपलं नाव एकदा, एकदाच, मोठ्याने ऐकायचं होतं त्याला.

आणि ते हुकलं कशाने? सभ्यपणाने.

आमच्या रिक्षावाल्यांत रीत आहे. पुढच्या गाडीला मुकाट्याने मागे टाकायचं नाही. ‘पुढे होतो, राग नसावा,’ असं म्हणायचं. पुढच्यानेही ‘जा, जा, सांभाळून’ म्हणायचं. न बोलता पुढे जाणं म्हणजे तोंडावर थुंकणं. मास्तर शर्यतीवर नजर ठेवायला धावणाऱ्यांच्या पुढे चालले होते, तेही रिक्षातून. साठीचे कान्सुकेकाका त्यांचं धूड ओढत सगळ्यांइतकंच धावत होते, पण ते कोणाच्या खिजगणतीत नव्हते. समुद्राकाठच्या देवळाला वळसा घालून येताना इसोकिची त्या गाडीच्या बाजूने निघाला आणि सवयीने मान लववून म्हणाला, “पुढे होतो, राग नसावा!”

“जा, जा, सांभाळून, इसो!” काकांच्या तोंडूनही सवयीनेच गेलं.

मागे गादीवर मास्तर ताठ झाले. हे सगळं काकांनीच मला सांगितलं, नाक पुसत पुसत.

शिनोहाराचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. लाज त्यालाही वाटत असावी, पण निशाण त्याने घेतलं. मास्तर खेळाच्या पावित्र्यावर बोलले. त्यांच्या पांढऱ्या हातमोज्यांची, तेल लावलेल्या मिशांची, ‘पावित्र्य’ म्हणताना ओठांवर आलेल्या थुंकीची मला किळस आली. नवरा पंचांसमोर कमरेत वाकला, तेव्हा त्याचीही आली.

“वाकता कशाला?” मी म्हटलं.

“खोटं काय बोलले ते? रिक्षावाला आहेच मी.”

“मग पहिले आलात, तेही खरंच ना?”

तो बाहीने घाम पुसायला लागला.

मेजवानी टेकडीवरच्या चहाघरात होती. मास्तर रिक्षात बसले, पण काकांचे गुडघे धरले होते. दांडे उचलताना ते खालीच बसले.

“म्हातारा दमला वाटतं,” मास्तर म्हणाले आणि इसोकिचीकडे बघून हसले. “तू तर अजून ताजातवाना दिसतोस. चल, उशीर होतोय.”

वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. त्याने छातीवरचा नंबर सोडवून माझ्या हातात दिला, काकांना पायरीवर टेकवलं आणि दांडे उचलले. चढ उभा होता. मी मागून दोघांनाही शिव्या घालत चालले.

चहाघराच्या दारात मास्तर उतरले आणि नाणं पुढे केलं. इसोकिचीने हात मागे घेतले.

“का? कमी वाटतं?”

“नाही साहेब. गाडी काकांची, भाडंही त्यांचं. गादीवर ठेवा, मी पोचवतो. मला काही नको.”

“अरे, चढ तू चढलास ना?”

“चढलो. पण आज मी पैशासाठी धावलो नाही, साहेब. सकाळीही नाही, आत्ताही नाही.”

मास्तर नाणं बोटांत धरून उभे राहिले. आतून मंडळी त्यांना हाका मारत होती. दारातल्या पोरी तोंडावर बाही धरून हसायला लागल्या, तेव्हा त्यांनी ते गादीवर टाकलं आणि बूट काढायला वळले.

उतार असला आणि गाडी रिकामी असली, की कुठलाही रिक्षावाला धावतो. पण गादीवर आता भाड्याचं नाणं होतं. इसोकिची चालत निघाला.