पिवळ्या पट्टीच्या आत

पार्व्हो झालेल्या पिल्लांच्या खोलीत एकदा शिरलं की त्या दिवसापुरतं बाहेरचं जग संपलं. हा नियम माझाच. दारातली पिवळी पट्टीही मीच चिकटवलीय, आणि ती ओलांडून चहाला निघालेल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या पोरींना मी असं झापलंय की चार्लव्हिल गावात अजून माझी नक्कल करतात. करू देत. हा विषाणू बुटाच्या तळाला चिकटून जातो आणि बाहेर लस टोचायला आणलेली पिल्लं मारतो.

त्या शुक्रवारी आत तीन पिल्लं होती, तिन्ही सलाईनवर. उलट्या, रक्ताचे जुलाब. आधी साबणाने घासायचं, मग ब्लीच ओतायचं आणि ते ओलंच राहू द्यायचं, घाईने पुसायचं नाही. तेवढ्यात दुसऱ्याने घाण केलेली असायची. अंगावर प्लास्टिकचा झगा, त्यात फेब्रुवारी, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा. माझं डोकं फिरलेलंच होतं.

काचेवर टकटक झाली. बाहेर आमची डॉक्टर, इमोजेन.

"नोएलीन, वॉरेन आलाय. स्कीटरला घेऊन."

वॉरेन माझा नवरा. स्कीटर माझा कुत्रा. गुरांमागे धावून म्हातारा झालेला, ठार बहिरा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घरात वासावरूनच दिवसभर माझ्या मागे मागे फिरायचा.

"काय झालं त्याला?"

"प्लीहेवर गाठ होती, ती फुटलीय. पोटात रक्त भरलंय. फार वेळ नाही गं. त्याला आता कायमचं झोपवावं लागेल."

माझा हात कडीवर गेला. पण समोर लसीचा दिवस, बाकांवर पिल्लं घेऊन बसलेली माणसं. अंघोळ करून मागच्या दाराने निघावं, तर या तिघांपाशी कोण थांबणार? इमोजेन आत आली तर बाहेर डॉक्टरच उरत नव्हती. सगळ्यात लहान पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी कडी सोडली.

"मला येता येणार नाही."

"खड्ड्यात गेले तुझे नियम!" वॉरेन तिच्या मागून ओरडला. "गाडीभर हुंगत होता तो. तुला शोधतोय!"

"मग मला काय हौस आलीय का इथे बसायची?"

इमोजेन काचेजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "तू बाहेर येऊ शकत नाहीस. पण तो आत येऊ शकतो. त्याला परत कुठे जायचंय?"

किती सोपं होतं! मला तिचा मुकाच घ्यावासा वाटला. तिने स्कीटरच्या पायात सुई बसवली, तिला लांब नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक हातात धरून पट्टीच्या पलीकडे बसली. वॉरेनने वाकून त्याला आत माझ्या मांडीवर ठेवलं.

स्कीटरने माझी बाही हुंगली, मास्क हुंगला. आणि तोंड फिरवलं.

आम्हाला ब्लीचचा वास येतच नाही आता, इतकी सवय झालीय. त्यामुळे ही गोष्ट ना माझ्या डोक्यात आली, ना इमोजेनच्या. मी हातमोजा ओरबाडून काढला, तळवा त्याच्या नाकाशी धरला. त्यालाही तोच वास. मास्क काढून गाल टेकवला. तो शिंकला आणि परक्या बाईच्या मांडीवर पडावं तसा अंग चोरून पडून राहिला. नाक मात्र दाराकडे.

"नोएलीन, तो तुझी वाट बघतोय," वॉरेन म्हणाला.

"कळतंय मला."

"थांबू का थोडं?" इमोजेनने विचारलं.

त्याचं पोट टणक झालं होतं, श्वास तुटत होता. थांबून मी काही वेगळी होणार नव्हते.

"नको. दे."

नळीतून औषध आत सरकलं. त्याच्या नाकपुड्या दाराच्या दिशेने हलत राहिल्या, मग हळू झाल्या, मग थांबल्या. माझी वाट बघत बघत तो माझ्या मांडीवर गेला.