श्रद्धांजलीचा माईक

फ्लेक्सवर ‘पैलवान’ वाचलं आणि साधनाचं डोकं सणकलं. भोरच्या नदीकाठी वडिलांच्या दशक्रियेला मांडव घातलेला. दोन बांबूंना ताणून बांधलेला हा एवढा मोठा फ्लेक्स, त्यावर तात्यांचा फोटो, फोटोमागं कुणाची तरी चांदीची गदा चिकटवलेली आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘कै. पैलवान कोंडिबा’. अहो, ज्या माणसानं जन्मात लंगोट लावला नाही तो पैलवान कसा होईल? तात्यांचा खेळ कबड्डीचा. ते चढाईला निघाले की समोरचे सातही गडी आधी मागं सरकायचे आणि मग विचार करायचे.

“काका, हे पैलवान कुणी घातलं?” तिनं सावळारामकाकांना गाठलं. सावळाराम हे तात्यांचे धाकटे चुलतभाऊ. गावी उत्रोलीत तात्यांच्या भिंतीला भिंत लागून घर, आणि तात्या गेल्यापासून सगळा कारभार त्यांच्याच हातात.

“म्याच सांगितलं. आंगापिंडानं दांडगा गडी गेला की पैलवानच लिवत्यात.”

“पण ते कबड्डी खेळायचे.”

“आगं, कबड्डी लिवलं तर पोरखेळ वाटतोय. पैलवान म्हनलं की वजन येतं.”

“बरं, मग मला दोन मिनिटं माईक द्या. मी सांगते.”

“दम धर वाईच. म्होरली मानसं बोलू देत. तुजं बगू मागनं.”

साधना मागं फिरली. भोरच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका. तिच्या एका शिट्टीवर अख्खं मैदान थांबायचं. इथं मात्र तिला कुत्रं विचारत नव्हतं. ती बायकांत जाऊन आईशेजारी बसली. बयाबाई माईककडं टक लावून बघत होती. तिला ऐकू येत नव्हतं. साधना पोटात असताना ताप आला आणि त्या तापात तिचे कान गेले. त्यानंतर मूलही झालं नाही. समोरचा माणूस सावकाश बोलला तर ओठांवरून तिला कळायचं. मांडवातल्या भाषणांतलं तिला काहीच कळत नव्हतं, तरी आपल्या माणसाबद्दल चांगलं बोलतायत एवढ्यावर ती सुखी होती.

आणि काय ते चांगलं! पहिल्या वक्त्यानं फ्लेक्स वाचला आणि पैलवानांनी तालुक्याचं नाव राखलं म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं त्यांना कोल्हापूरच्या तालमीत नेलं. तिसऱ्यानं ती गदा त्यांच्या खांद्यावर दिली. आणखी दोन भाषणं झाली असती तर तात्या पंजाबात जाऊन कुस्ती मारून आले असते. भातगिरणीचं नाव कुणी काढलं नाही. पहाटे खाचरात, दिवसभर गिरणीत पोती पाठीवर, आणि एवढं करून संध्याकाळी गावच्या पोरांना चढाई शिकवायला हा माणूस मैदानात हजर असायचा. साधनाला शिकवायचा तेव्हा लोक हसायचे. त्यानं कुणाकडं ढुंकून बघितलं नाही.

आणि दर मंगळवारी, गिरणीच्या सुट्टीला, वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या देवीला पायी जायचा. ती देवी बयाबाईच्या माहेरची. बायकोचे कान परत यावेत म्हणून त्यानं नवस बोलला होता. कान काही आले नाहीत. पण देवीनं तिचं केलं नाही म्हणून आपण आपलं सोडायचं, हा हिशेब त्याला कधी जमला नाही.

साधना काकांकडं दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा त्यांनी हातानंच ‘बस’ म्हणून सांगितलं. त्यांना ठाऊक होतं की काय, ही काय बोलेल ते? कारण एक गोष्ट साधनानं स्वतः ऐकली होती. ती शाळेत शिकत होती तेव्हा काका एक स्थळ घेऊन आले होते. तात्यांसाठी. बयाबाई समोरच ओसरीवर तांदूळ पाखडत होती आणि काका तिच्याकडं पाठ करून खुशाल मोठ्यानं बोलत होते, “वैनीला कुठं ऐकू जातंय? पोरगं पायजे का न्हाई घराला? दुसरी कर.” तात्या बायकोकडं तोंड करून बसले होते. ते हसत हसत म्हणाले, “आमच्या खेळात मधीच गडी बदलत न्हाईत.” एवढं बोलून पुन्हा हसले. काकांना उठून दार दाखवायचं सोडून हसले कशाला, याचा राग साधनाच्या मनातून अजून गेला नव्हता.

शेवटचे पुढारी उठले. कोरड्या डोळ्यांना रुमाल लावत म्हणाले, “पैलवानांना एक मुलगा असता, तर आज त्यांची परंपरा पुढं चालली असती.”

आता मात्र साधनाला राहवलं नाही. ती तरातरा पुढं गेली आणि त्यांच्या हातातून तिनं माईक घेतला. काका “आगं, आगं” करत राहिले.

“माझे वडील पैलवान नव्हते,” ती म्हणाली. “ते कबड्डी खेळायचे. आणि मुलगा नाही म्हणता? माझी आई बहिरी झाली म्हणून दुसरी बायको कर, असं त्यांना सांगणारी माणसं याच मांडवात बसलीत. स्थळ घेऊन आली होती घरी. आमच्या खेळात मधेच गडी बदलत नाहीत, असं सांगून तात्यांनी त्यांना वाटेला लावलं. त्यांच्याबद्दल बोलायचं तर हे बोला.”

सावळारामकाका खाली बघत चटईच्या काड्या उपटू लागले. मग एकेक करून सगळ्या माना बयाबाईकडं वळल्या. साधनानं माईक पुढाऱ्यांच्या हातात परत दिला. ती परत आईजवळ येऊन बसली.

बयाबाईनं पदर पुढं ओढून घेतला होता. “काय गं सांगितलंस? सगळी माज्याकडं का बगाय लागली?”

साधनानं तिच्याकडं तोंड करून सावकाश, हातवारे करत सांगितलं.

“कुनाचं दुसरं लगीन?”

“तात्यांचं. काका मागं लागले होते. तात्या नाही म्हणाले.”

“माज्याऐवजी दुसरी?”

साधनाचे हात हवेतच थांबले. ही गोष्ट आईला ठाऊकच नव्हती. तिच्याकडं तोंड करून तात्या त्या दिवशी हसले होते ते याचसाठी. घरात, मैदानात, देवीच्या वाटेवर, इतकी वर्षं तात्यांनी ती हिच्यापर्यंत पोचू दिली नव्हती, आणि आज त्यांच्याच लेकीनं ती साऱ्या गावासमोर माईकवरून सांगून टाकली होती.

“मला कदी बोलले न्हाईत,” बयाबाई म्हणाली. तिनं पदराआडून सावळारामांकडं एकवार बघितलं. मग हळूच म्हणाली, “त्या दिशी भावजींला च्या म्याच केला आसंल.”